श्री. पक्कड हजर नाहीत

१

सोमवारी सकाळी सात वाजता डायलिसिस केंद्राच्या नर्सने पडद्यावर बघून पहिलं नाव पुकारलं, "श्री. पक्कड!" कुणी उठलं नाही. तिने पुन्हा पुकारलं. मग "सौ. कानस." मग "कु. सुतळी." बाकांवर बसलेली अकरा माणसं एकमेकांकडे बघत राहिली. पडद्यावर बेचाळीस नावं होती आणि त्यांतलं एकही माणूस या जगात जन्माला आलेलं नव्हतं.

हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण त्या बेचाळीस जणांना मीच जन्म दिला होता.

मी एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत पुस्तिका लिहिते. त्याआधी बावीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून ऑफिसात सगळे मला बाई म्हणतात. आमचा प्रोग्रॅम स्वतः कधी पडद्यावर दिसत नाही. केंद्राचा संगणक त्याला विचारतो, "आज सकाळी कुणाची पाळी?" आणि तो आपल्याजवळच्या यादीत बघून उत्तर देतो. पीएचपी नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेला हा उत्तरं देणारा कारकून; आमच्या धंद्यात त्याला एपीआय म्हणतात. नवीन माणूस कामाला लागलं की आधी हा अख्खा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर बसवतं, स्वतःची सरावाची यादी तयार करतं आणि तिच्यात खोटे रुग्ण भरतं. ते खोटे रुग्ण माझे. खऱ्या माणसाशी चुकूनही नाव जुळू नये म्हणून मी घरातली हत्यारं आणि अडगळ वापरली होती. तेव्हा सगळे पोट धरून हसले होते.

सोमवारी कुणी हसलं नाही. शनिवारी दुपारी केंद्र बंद झाल्यावर, तीन वाजून दहा मिनिटांनी, कुणीतरी खरी यादी समूळ पुसून तिथे माझी अडगळ भरली होती. शुक्रवारची एक प्रत शिल्लक होती, ती सोमवारी दहाच्या सुमारास परत बसवली. पण शनिवारी यादीत झालेले बदल गेले ते गेलेच. एका निवृत्त बसड्रायव्हरना दम लागत होता म्हणून त्यांची पाळी शनिवारीच मंगळवारवरून सोमवारवर आणली होती. जुन्या यादीत ते मंगळवारीच होते. त्यांच्या बायकोने दोनदा सांगून पाहिलं, पण यादीपुढे माणसाचं कोण ऐकतं? "उद्या या काका," म्हणून त्यांना घरी पाठवलं. त्याच संध्याकाळी त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं.

मंगळवारी सकाळी दहा वाजता साहेबांनी आम्हाला खोलीत बोलावून सांगितलं, की हे कुणी केलं ते सापडलं आहे.

२

साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे मालक. माणूस वाईट नाही, पण घाबरला की पेनाचं टोपण चावतो. त्या दिवशी टोपणाचा पार भुगा झाला होता.

खोलीत आम्ही पाच जण होतो. साहेब आणि मी. कुलूप, म्हणजे सगळ्या किल्ल्या आणि पासवर्ड सांभाळणारे गृहस्थ. पन्नाशीचे, मोजून बोलणारे. बंधू, म्हणजे आमचा सर्वांत जुना प्रोग्रॅमर. हा खरोखर माझा धाकटा भाऊ. तो मला ताई म्हणतो म्हणून ऑफिसने त्याचं नाव बंधू ठेवलं. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच स्कूटरवर येतो. आणि दाराशी उभी होती ती नवी. अडतीस वर्षांची. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी नोकरी सोडून नऊ वर्षं घरी बसलेली. सासूबाईंच्या उशाशी बसून तिने सगळं पुन्हा शिकून घेतलं होतं, आणि शनिवार हा तिचा नोकरीचा पहिला दिवस होता.

"कुलूप, सांगा," साहेब म्हणाले.

"यादी पुसण्याचा हुकूम आपल्या ऑफिसातून गेला," कुलूप म्हणाले. "तीन दहाला. त्याच मिनिटाला हिच्या संगणकावर तोच हुकूम दिलेला दिसतो. यादीचे सगळे तक्ते पाडा, नवे उभारा, खोटे रुग्ण भरा."

"तो मी दिलाच होता," नवी म्हणाली. "पुस्तिकेत तसंच आहे. पण माझ्या संगणकावरच्या यादीसाठी. माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये माझ्याच संगणकाचा पत्ता होता."

"आत्ता आहे," कुलूप म्हणाले. "तेव्हा काय होता कुणास ठाऊक. आधी केंद्राचा पत्ता घातला, यादी पुसली, मग पुन्हा स्वतःचा घातला, असंही होऊ शकतं."

"असं मी का करीन?"

साहेबांनी टोपण खाली ठेवलं. "तुझ्या सासूबाईंना याच केंद्राने पाळी नाकारली होती ना? दोन वर्षांपूर्वी?"

तिने मान हलवली. "जागा नव्हती म्हणाले. पुढच्या महिन्यात त्या गेल्या."

बंधू खिडकीबाहेर बघत होता.

"रुग्णालयाला चार वाजता नाव कळवायचंय," साहेब म्हणाले. "आणि पोलिसांत तक्रार. ड्रायव्हरना काही झालं तर..."

पहिल्याच दिवशी आलेली बाई मुद्दाम एवढं करील आणि स्वतःच्याच संगणकावर पुरावा ठेवून सोमवारी वेळेवर कामाला येईल, हे माझ्या मास्तरकीच्या डोक्यात काही शिरेना. वर्गात खडू कुणी फेकला हे शोधताना मी कधी "का फेकलास" असं विचारलं नाही. "पहिल्यापासून काय काय झालं ते सांग," एवढंच विचारायची.

"साहेब," मी म्हटलं, "चार वाजायला सहा तास आहेत. ते मला द्या."

३

नवीला मी माझ्या टेबलाशी बसवलं. समोर माझी पुस्तिका ठेवली: प्रोग्रॅम बसवण्याच्या नऊ पायऱ्या.

आमच्याकडे एक पद्धत आहे, मीच घालून दिलेली. नवा माणूस प्रोग्रॅम बसवताना प्रत्येक पायरीला काय केलं, काय दिसलं, किती वाजले हे एका वहीत हाताने लिहितो आणि ती वही माझ्या टेबलावर ठेवतो. त्यावरून मी पुस्तिका सुधारते. सोमवारी मी आले तेव्हा टेबल मोकळं होतं. मी त्या गोंधळातही तिला बोलले होते, "पहिल्याच दिवशी आळस?" ती म्हणाली होती, "लिहिली बाई, तुमच्या टेबलावरच ठेवली." मुलं गृहपाठाबद्दल असंच सांगतात, म्हणून मी ते कानाआड केलं होतं.

"पायरी एक," मी म्हटलं.

"प्रोग्रॅम कंपनीच्या साठ्यातून उतरवून घ्या. घेतला. पायरी दोन, त्याला लागणारी पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार तुकडे, उतरवा. तिथे अडलं. शनिवारी नेट रांगत होतं. तासभर थांबले, मग बंधूदादा म्हणाले, 'थांब, तयार फोल्डर देतो.' पेनड्राइव्हवर दिलं. पॅकेजेससकट सगळं."

"कुठलं फोल्डर?"

"ते मी नाही विचारलं. पहिला दिवस होता."

"पुढे."

"पायरी तीन, सेटिंगची नमुना फाइल घ्या, तिच्यात आपल्या संगणकाचा पत्ता घाला. घातला. चार आणि पाच, सरावाची रिकामी यादी तयार करा, पासवर्ड ठरवा. सहा, तक्ते उभारण्याचा हुकूम द्या. दिला. पटकन झालं, काही विचारलंसुद्धा नाही."

मी तिच्या संगणकावर ती सेटिंगची फाइल उघडायला लावली. फाइलवर शेवटचा हात फिरला होता शनिवारी दोन बावन्नला. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पत्ता बदलून, यादी पुसून, मग पुन्हा बदलला असता, तर वेळ तीन दहाच्या पुढची हवी होती. म्हणजे तीन दहाला फाइलमध्ये तिच्याच संगणकाचा पत्ता होता. तरीही हुकूम केंद्रावर जाऊन पोचला.

"वेळही खोटी घालता येते म्हणतील," नवी हळूच म्हणाली.

"म्हणू देत. पायरी सात?"

"प्रोग्रॅमला विचारा, तू कुठल्या स्थितीत आहेस. उत्तर 'सराव' यायला हवं." ती थांबली. "बाई, उत्तर 'चालू' असं आलं. मी तीनदा विचारलं. मग बंधूदादांना हाक मारली. ते माझ्या खुर्चीत बसले, दोन मिनिटं काहीतरी केलं, आणि मग 'सराव' आलं. म्हणाले, 'होतं असं कधीकधी.' तेव्हा तीन पंचवीस झाले होते. हे सगळं मी वहीत लिहिलंय."

"चालू" हे उत्तर फक्त केंद्रावरचा खरा प्रोग्रॅम देतो. आणि बंधूने यातलं एक अक्षरही, सोमवारी किंवा आज, तोंडातून काढलं नव्हतं.

४

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी मुलांना फळ्यावर लिहून समजावली आहे. तरी मी बंधूकडे न जाता आधी कुलपांकडे गेले. गुन्हेगार तेच निघावेत, अशी माझी मनापासून इच्छा होती.

त्यांच्या खोलीत पंख्याचा आवाज आणि केबलींचं जंगल. मी सरळ विचारलं, "ऑफिसातून केंद्राच्या यादीला हात लावता येतोच कसा? तिथे दार बंद असतं ना?"

कुलपांच्या पाचावर धारण बसली. ते कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसायला लागले. "मागच्या महिन्यात दुरुस्तीसाठी उघडलं होतं," ते शेवटी म्हणाले. "लावायचं राहिलं. काल सकाळी लावलं."

"आणि सांगितलं नाहीत."

"नोकरी जाईल बाई माझी."

"तिची जाणार, हे चाललं असतं." मी पुढचा प्रश्न घातला. "फाइलमध्ये एक पत्ता आणि हुकूम दुसऱ्या पत्त्यावर. असं होईल का कधी?"

हा प्रश्न त्यांच्या आवडीचा होता. त्यांची मान वर आली. "होईल. केंद्रावरचा प्रोग्रॅम दर वेळी सेटिंगची फाइल वाचत नाही. वेळ जातो. म्हणून आम्ही एकदा सगळ्या सेटिंगची पक्की प्रत करून ठेवतो. कॅश म्हणतात तिला. ती प्रत फोल्डरात असली की प्रोग्रॅम तिच्यावरच चालतो. मग फाइलमध्ये तुम्ही काहीही लिहा, तो ढुंकून बघत नाही."

"ती प्रत साठ्यातून उतरते?"

"छे. साठ्यात ती मुद्दामच ठेवत नाही. बंधूच्या संगणकावर नाही, कुणाच्याच नाही. फक्त केंद्राच्या सर्व्हरवर असते."

"आणि ती प्रत पुसून टाकायला किती वेळ लागतो?"

"एक हुकूम. मिनिटभर."

म्हणजे नवीच्या हातात जे फोल्डर पडलं ते केंद्राच्या सर्व्हरवरून उचललेलं होतं. तिने आपला पत्ता लिहिला, आणि आत लपलेल्या जुन्या पत्त्याने आणि पासवर्डने तिचा हुकूम केंद्रावर नेला. तीन पंचवीसला कुणीतरी ती प्रत काढून टाकली, आणि त्याबरोबर तिच्या निर्दोषपणाचा पुरावाही गेला.

मी उठले तेव्हा कुलूप म्हणाले, "एक कोडं मात्र मलाही सुटलं नाही बाई. केंद्राच्या स्थितीत असं पुसायला गेलं तर प्रोग्रॅम थांबून विचारतो, 'हे चालू काम आहे. खरंच पुसू?' तिला का नाही विचारलं?"

मी हातातली पुस्तिका उघडली. पायरी सहा. हुकुमाच्या शेवटी एक जादा शब्द होता. त्या शब्दाचा अर्थ: विचारू नकोस, कर.

तो शब्द तिथे मी लिहिला होता.

५

दोन वर्षांपूर्वी बंधू म्हणाला होता, "ताई, पोरं त्या हो-नाहीच्या प्रश्नाला उगाच घाबरतात. शेवटी हा शब्द टाक, म्हणजे कटकट नाही." मी टाकला. त्याचा अर्थ विचारला, तो वहीत टिपला, आणि नीटसं वळण देऊन छापून घेतला. यंत्र ऐन वेळी ओरडणार होतं, आणि त्याच्या तोंडावर मीच हात ठेवला होता. ते ड्रायव्हरकाका माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात.

दोन वाजता मी बंधूला जिन्यात गाठलं.

"शनिवारी नवीला कुठलं फोल्डर दिलंस?"

"माझ्या संगणकावरचं. का?"

"सात नंबरच्या पायरीला 'चालू' आलं म्हणते."

"तिला काहीतरी दिसलं असेल. ताई, नवशिकी आहे ती. तू कशाला यात पडतेस? गुडघे दुखतात ना तुझे, बस खाली जरा." तो माझ्याकडे बघत नव्हता. लहानपणी बाटली फोडली की तो असाच माझ्या पायांकडे बघून बोलायचा.

आता तिचा शब्द आणि त्याचा शब्द. ती तीन दिवसांची नवी, तो चौदा वर्षांचा जुना. साहेब कुणाचं ऐकतील हे मला माहीत होतं. वही असती तर गोष्ट वेगळी होती.

मी दाराजवळचं हजेरीबुक काढलं. शनिवार: मी रजेवर, साहेब परगावी. कुलूप बाहेर पडले सव्वातीनला. नवी चार वाजता. ऑफिस बंद केलं बंधूने, चार चाळीसला. सोमवारी सकाळी फोन आल्यावर आम्ही दोघं स्कूटरवरून धावत आलो, तेव्हा दार त्याने शनिवारपासून त्याच्याचजवळ असलेल्या किल्लीने माझ्यासमोरच उघडलं आणि मी आधी माझ्या टेबलाकडे गेले. टेबल मोकळं होतं. म्हणजे वही गेली ती शनिवारीच, चार ते चार चाळीसमध्ये.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. गुडघ्यांमुळे नव्हे. काहीतरी बिघडलंय हे जगाला कळलं सोमवारी सकाळी सातला. मग शनिवारी दुपारी ती वही चोरावीशी कुणाला वाटेल? ज्याला शनिवारीच सगळं कळलेलं होतं त्याला. यादी परत बसवायला अख्खा रविवार हातात होता. केंद्राच्या कारकुनाला एक फोन केला असता, तर शनिवारचे बदलही आठवून भरता आले असते. ड्रायव्हरकाका सोमवारी सातला खुर्चीवर असते.

रविवारी बंधू जेवला नव्हता. पोटाचं निमित्त करून गच्चीत बसला होता, आणि मी त्याला ओव्याचं पाणी नेऊन दिलं होतं.

वही त्याने फाडली असेल? नाही. माझा भाऊ कागद फाडणाऱ्यांतला नाही, लपवणाऱ्यांतला आहे. मग मला माझी मांडी आठवली. आमचा डबा वर्षानुवर्षं स्कूटरच्या सीटखाली येतो. काल आणि आज डब्याची पिशवी माझ्या मांडीवर होती. "सीटचं कुलूप अडकतंय," तो म्हणाला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या वहीवर बसून मी दोन दिवस ऑफिसला येत होते.

६

साडेतीनला मी त्याला खाली बोलावलं आणि स्कूटरपाशी उभी राहिले.

"सीट उघड."

"ताई, ते कुलूप..."

"उघड."

किल्ली पहिल्याच फेऱ्यात फिरली. निळ्या पुठ्ठ्याची वही एका फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. मी ती उचलली. तो स्कूटरला टेकून उभा राहिला.

"तिला दुसरी नोकरी मिळेल," तो म्हणाला. "मला या वयात कोण घेणार? घराचं काय? तुझं काय?"

"माझ्या नावावर हे खपवू नकोस."

"एक दिवस दे. मी साहेबांना सांगतो."

"रविवार होता की तुझ्याकडे." माझा आवाज चढला, मग फुटला. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय. त्या क्षणी मला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि पदराखालीही घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही केलं नाही. "चार वाजता आधी मी माझी चूक सांगणार आहे. ती सांगून होईपर्यंत तुला वेळ. मग तू बोल. नाही बोललास तर वही बोलेल."

चार वाजता पुन्हा तेच पाच जण, तीच खोली. नवीने पर्स मांडीवर घट्ट धरली होती, निघायच्या तयारीत असल्यासारखी. साहेबांसमोर कोरा कागद होता.

मी उभी राहिले आणि पायरी सहामधला शब्द वाचून दाखवला. तो कुणी लिहिला, का लिहिला आणि नसता तर यंत्राने काय विचारलं असतं, ते सांगितलं. मग कुलपांकडे बघितलं. त्यांनी घसा खाकरला आणि उघड्या राहिलेल्या दाराचं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. तेवढं मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

मी बंधूची वाट बघितली. तो पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. मी मनात वीसपर्यंत आकडे मोजले, वर्गात मोजायचे तसे. मग वही नवीसमोर सरकवली.

"तुझं अक्षर आहे. तूच वाच."

तिने वही उघडली. "पायरी दोन. नेट बंद पडतंय. बंधूदादांनी पेनड्राइव्ह दिला. म्हणाले, 'गुरुवारी तक्रार तपासायला सर्व्हरवरून उचललं होतं, तेच घे, चालतं फोल्डर आहे.' पायरी तीन, दोन बावन्न. माझा पत्ता घातला. पायरी सहा, तीन दहा. झालं. पायरी सात. उत्तर 'चालू' येतंय. पुस्तिकेत 'सराव' आहे. माझंच काही चुकलं का? बंधूदादा आले. तीन पंचवीस..."

"पुरे," बंधू म्हणाला. "मी सांगतो."

त्याने सांगितलं. नवीच्या संगणकावरची सेटिंगची प्रत पुसल्यावर त्याने केंद्राची यादी उघडून बघितली होती, आणि तिथे त्याला श्री. पक्कड दिसले होते.

"शनिवारी?" साहेबांच्या तोंडातून टोपण पडलं. "शनिवारीच कळलं होतं तुला? अरे, मग परत का नाही बसवलीस?"

"कुलूपकाकांची किल्ली लागली असती. मग त्यांना सांगावं लागलं असतं." तो माझ्याकडे वळला. "मला वाटलं, सोमवारी कुणालातरी दिसेल, प्रत बसवतील, विषय संपेल. कुणी आजारी पडेल असं नाही वाटलं, ताई. शपथ."

साहेबांनी कागद ओढला आणि तीन नावं लिहिली. बंधू, कुलूप आणि मी. नवीचं नाव त्यात नव्हतं. चार जणांत पुस्तिकेप्रमाणे नीट वागलेली ती एकटीच होती, आणि सगळ्यांच्या चुकांची भरपाई तिच्याच माथी बसणार होती.

जिन्यात मी तिला थांबवलं. माफी मागायला शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "बाई, तो शब्द टाइप करताना माझं बोट अडखळलं होतं. मग म्हटलं, बाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

७

ड्रायव्हरकाका सहाव्या दिवशी अतिदक्षता विभागातून बाहेर आले. अजून धड चालत नाहीत. पुढचं डॉक्टर सांगत नाहीत.

त्या आठवड्यात आम्ही एक कोरा संगणक घेतला आणि नवीने माझ्या देखत सगळ्या पायऱ्या पुन्हा केल्या. तो जादा शब्द आता पुस्तिकेत नाही. शिवाय कुलपांनी पायरी सहाला एक प्रश्न घातला आहे, जो कुठल्याच शब्दाने गप्प बसत नाही: "कुठली यादी पुसायची? तिचं नाव स्वतः लिहा." तो पडद्यावर आला तेव्हा नवीने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"बाई, विचारतंय."

"विचारू दे. वाच आणि मग उत्तर दे."

तिने दोनदा वाचलं, आपल्या यादीचं नाव लिहिलं, आणि बेचाळीस जण त्यांच्या जागी येऊन बसले. वहीत तिने नोंद केली: श्री. पक्कड, माझ्या यादीत हजर. खिडकीजवळची बंधूची खुर्ची रिकामी होती.

चौकशी संपेपर्यंत त्याला घरी बसवलंय. मलाही खुलासा मागणारं एक पत्र आलंय, त्याचं उत्तर मी अजून लिहिते आहे. सकाळी मी दोन डबे भरते. एक माझा, तो घेऊन मी चालत ऑफिसला जाते. दुसरा बंधू रुग्णालयात ड्रायव्हरकाकांच्या बायकोला नेऊन देतो. पहिल्या दिवशी त्यांनी तो घेतला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी घेतला. आम्ही दोघं घरात फारसं बोलत नाही. डबा तो पुन्हा सीटखाली ठेवतो.